सांडपाण्यातून वीज : स्ट्रास केंद्राचा धडा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र एकदा उभारता येते. ते रोज चालवणे मात्र वीजबिलामुळे जड जाते. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेल्या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीत जिवाणू पाण्यातील घाण खातात. त्यांना प्राणवायू मिळावा म्हणून ब्लोअरने टाक्यांत हवा सोडावी लागते. अशा केंद्रांची साधारण निम्मी वीज या हवेवरच खर्च होते.

वास्तविक सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ हेच इंधन आहे. ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातील स्ट्रास येथील केंद्राने ते सिद्ध केले. १९९६ मध्ये हे केंद्र आपल्या गरजेच्या ४९ टक्के वीज स्वतः निर्माण करत होते. २००५ मध्ये हे प्रमाण १०८ टक्क्यांवर गेले.

यामागे एकच एक यंत्र नव्हते. पहिल्या टप्प्यात सांडपाणी थोडाच वेळ ठेवून निम्म्याहून अधिक सेंद्रिय पदार्थ गाळात पकडले जातात. ते हवा देऊन जाळण्याऐवजी बंद टाकीत कुजवले जातात आणि त्यातून मिथेनयुक्त बायोगॅस मिळतो. २००१ मध्ये या गॅसवर चालणारे अधिक कार्यक्षम जनित्र बसले. दुसऱ्या टप्प्यात पाण्यातील अमोनिया सतत मोजून गरजेपुरतीच हवा सोडली जाते. कुजलेला गाळ पिळल्यावर निघणाऱ्या पाण्यात अमोनिया विपुल असतो. त्यासाठी २००४ पासून ‘ॲनामॉक्स’ जिवाणूंचा वापर सुरू झाला. या मार्गाने नेहमीच्या निम्म्याहूनही कमी प्राणवायू लागतो.

भारतासाठी हा विषय दूरचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. प्रक्रियेची स्थापित क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया अवघी २०,२३६ दशलक्ष लिटर होती. उभारलेल्या क्षमतेचाही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग वापराविना राहिला. याची कारणे अनेक असली, तरी वीज परवडली नाही की ब्लोअर थांबतात आणि घाण पाणी तसेच नदीत जाते, हे उघड आहे. पातळ सांडपाण्यातून गॅस कमी मिळतो. त्यामुळे स्ट्रासची हुबेहूब नक्कल सर्वत्र साधणार नाही. तथापि, प्राणवायू मोजून हवा सोडणे ही पहिली पायरी बहुतेक केंद्रांच्या आवाक्यात आहे.