जमिनीलगतची हवा

जमीन, पाणी, धान्य यांची वाटणी विषम असली तरी हवा मात्र सर्वांना सारखी मिळते, अशी आपली समजूत असते. पुण्यातील हवामान-मोजणीचा इतिहास वाचला म्हणजे ही समजूत एकदा तपासून पाहावीशी वाटते. मी शास्त्रज्ञ नव्हे. कामगार चळवळीत वय गेलेला आणि जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचलेला मी माणूस आहे. तेव्हा हा इतिहास मी कष्टकऱ्याच्या बाजूने मांडला, तर श्रोत्यांनी त्याचे नवल मानू नये.

हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेही सालच हेच. खाते निघाले त्यामागे संकटांची परंपरा होती. १८६४ साली कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले. पुढे १८६६ व १८७१ साली पाऊस फसून दुष्काळ पडले. हवेचा हिशेब ठेवल्यावाचून राज्य चालत नाही, हे सरकारला तेव्हा पटले. पण खाते निघून वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ दख्खनवर आला. पावसाची मोजणी झाली, पण मोजणीने कोणाच्या तोंडी घास पडला नाही. आकडा कागदावर येणे आणि तो माणसाच्या उपयोगी पडणे, या दोहोंत किती अंतर असते, त्याचा हा पहिला धडा.

१९२८ साली या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि चौकही त्याच नावाने ओळखला जातो. मुख्य कार्यालय पुढे १९४४ साली दिल्लीस गेले, तरी खात्याचे बरेचसे काम पुण्यातच राहिले. १९२८ सालीच शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर १९३२ साली शेतकी हवामानशास्त्राची शाखा पुण्यात उघडली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास हे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य होते.

रामदासांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी आकाशाकडे पाहिले तसे पायाखालीही पाहिले. हवामान खात्याचा तापमापक जाळीदार लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवतात. जगभर तीच पद्धत आहे, म्हणून गावोगावचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. परंतु ज्वारीचे रोप चार फुटांवर उगवत नाही. पिकाला थंडी लागते ती जमिनीलगत. म्हणून रामदासांनी तेथील हवा वेगवेगळ्या उंचीवर मोजली.

त्या काळच्या पुस्तकांत असे लिहिलेले असे की, निरभ्र व निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, म्हणून सर्वांत थंड ती जमीनच; वर जावे तसतशी हवा उबदार होत जाते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ साली दाखवून दिले की, उघड्या जमिनीवर सर्वांत थंड थर जमिनीला चिकटलेला नसून तिच्या वर, साधारण एक वीत ते एक हात उंचीवर असतो. परदेशातील विद्वानांना हे खरे वाटेना. मोजण्यातच चूक असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पुढे राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच बारकाईने मोजमाप केले व १९५७ साली रामदासांचे म्हणणे खरे ठरविले. आज शास्त्रात त्या थराला रामदासांचेच नाव आहे. त्याचे कारण शोधता शोधता बंगळूरच्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास असे मांडले की, जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे सूक्ष्म कणच आपली उष्णता वर टाकून ती हवा गार करतात. म्हणजे थंडीचा प्रश्न आणि धुळी-धुराचा प्रश्न अखेर एकाच वितीत येऊन मिळाले.

ही शाखा पिकासाठी निघाली होती, आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे सुरू झाली, हे तिला भूषणास्पद आहे. परंतु हाच न्याय माणसाला लावून पाहा. उघड्या रानात पाल ठोकून भुईवर निजणारा ऊसतोड कामगार त्या वीत-हाताच्या थरातच रात्र काढतो. सकाळच्या वर्तमानपत्रात किमान तापमान म्हणून जो आकडा छापून येतो, तो चार फुटांवरचा असतो. त्याच्या अंगाला झोंबलेली थंडी त्याहून कडक असते.

मोजणी म्हटली की उपकरणे आली, आणि उपकरणे म्हटली की कारागिरांचे हात आले. स्वातंत्र्यापूर्वी हवामानाची बहुतेक उपकरणे विलायतेहून येत. १९४८ साली अण्णा मणी पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करविले, आणि ती येथे बनू लागली. चुकीचे माप हे माप नसल्यापेक्षा वाईट, असा त्यांचा कटाक्ष होता. कामाचे तास व मजुरी मोजण्यावरून ज्यांना झगडावे लागले आहे, त्यांना या कटाक्षाचे मोल निराळे सांगायला नको.

आता पुण्याच्या ऋतूंकडे वळू. उन्हाळ्यात तापलेली जमीन हवेला वर ढकलते. तिच्याबरोबर धूर वर जाऊन पांगतो, मात्र धूळ उडते. पावसाळ्यात सरी हवा धुऊन काढतात. हिवाळ्यात रात्री जमिनीजवळ गार हवा व तिच्यावर उबदार हवा अशी उलटी मांडणी होते. गार हवा जड, ती वर उठत नाही; वारा पडलेला असतो आणि भोवती टेकड्या. मग वाहनांचा, भट्ट्यांचा, पेटविलेल्या पालापाचोळ्याचा धूर झाकण लावल्यासारखा खालीच कोंडून राहतो. ऊन चांगले वर आले म्हणजे हे झाकण उघडते.

आणि झाकण लागलेल्या या वेळी रस्त्यावर कोण असते? झाडूवाली बाई, बाजारसमितीतला हमाल, दूध टाकणारा पोऱ्या, पहिल्या पाळीला निघालेला कामगार. पहाटेच्या गेटसभांना मी वर्षानुवर्षे उभा राहिलो आहे. थंडीत तेथे टायर किंवा पुठ्ठे पेटवून शेकतात. ज्याच्यापाशी स्वेटर नाही, त्याला धुराच्या बदल्यात ऊब विकत घ्यावी लागते.

हवा दूषित करण्यास आळा घालणारा कायदा १९८१ साली झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेची प्रत सांगणारी यंत्रणा २०१० साली दिल्लीत व २०१३ साली पुण्यात सुरू केली. अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पंचविसावा हिस्सा, श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर जातात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या २००९ च्या मानकांनी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सांगितली. पण चोवीस तासांची सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. दुपारची मोकळी हवा पहाटेच्या कोंडलेल्या हवेत मिसळून जो आकडा निघतो, तो पहाटे झाडू मारणाऱ्या बाईच्या छातीतला आकडा नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या वेळी व ज्या उंचीवर कष्टकरी श्वास घेतात, त्या वेळची व त्या उंचीवरची हवा मोजा, आणि तो आकडा कामाच्या जागी फळ्यावर लिहा. झाकण लागलेल्या सकाळी झाडलोट दोन तास उशिरा सुरू करा, आणि त्या दोन तासांची मजुरी कापू नका. पिकाला काय सोसावे लागते हे कळावे म्हणून याच शहरातील एका शास्त्रज्ञाने चार फुटांवरून खाली वाकून पाहिले, त्याला आता नव्वदांहून अधिक वर्षे झाली. माणसासाठी तेवढे वाकणे अवघड नाही.