घरगुती बिनतारी जाळ्याचे वेगवर्धन : १९९७ ते २००९

१

घरातील जुना राउटर काढून त्याच्या जागी नव्या मानकाचा राउटर बसविला की घरातील सर्व यंत्रांचा वेग वाढतो, असा सार्वत्रिक समज आहे. मानकांच्या इतिहासाची मांडणीही बहुधा याच समजाला अनुसरून केली जाते. १९९७ साली दर सेकंदास २ मेगाबिट, १९९९ साली ११, २००३ साली ५४ आणि २००९ साली ६००, असा हा चढता क्रम सांगितला जातो. हे आकडे खोटे नाहीत. परंतु ते मानकांच्या कमाल मर्यादेचे आकडे आहेत, घरात प्रत्यक्ष मिळालेल्या वेगाचे नव्हेत. या दोहोंत अंतर का पडले याचा विचार केल्यावाचून या बारा वर्षांचा इतिहास पुरा होत नाही. या काळात घराचा वेग नव्या यंत्राने जितका ठरविला तितकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, तो घरात शिल्लक राहिलेल्या जुन्या यंत्राने ठरविला, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

२

या इतिहासाचा प्रारंभ एका प्रशासकीय निर्णयात आहे. १९८५ साली अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे विनापरवाना दळणवळणास खुले केले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकीच एक. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. १९९० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेत ८०२.११ हा कार्यगट स्थापन झाला. नेदरलंड्समधील व्हिक हेज हे त्याचे अध्यक्ष होते. १९९७ मध्ये पहिले मानक सिद्ध झाले, तरी त्याने घरात प्रवेश केला असे म्हणता येत नाही. तो प्रवेश १९९९ मध्ये घडला. त्या वर्षी अ‍ॅपल कंपनीने आयबुक या संगणकाबरोबर एअरपोर्ट हे तळयंत्र २९९ डॉलरला विक्रीस आणले, आणि त्याच वर्षी ८०२.११ ए व ८०२.११ बी ही दोन मानके संमत झाली. ‘वाय-फाय’ हे नावही याच सुमाराचे. ते एका नामकरण-संस्थेकडून करवून घेतलेले व्यापारी नाव असून कोणत्याही शब्दांचे संक्षिप्त रूप नव्हे.

मानकांच्या अक्षरांविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही अक्षरे उपगटांच्या स्थापनेचा क्रम दर्शवितात; वेगाचा क्रम दर्शवीत नाहीत. त्यामुळे ‘ए’चा वेग ५४ मेगाबिट आणि ‘बी’चा ११, असा विपर्यास दिसतो. वेगवान ‘ए’ ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असे व ‘बी’ यंत्रांशी त्याचा संवाद होत नसे. त्याची यंत्रे महाग होती, बाजारात उशिरा आली, आणि भिंतींपलीकडे त्यांच्या लहरी कमी पोचत. परिणामी घरांनी मंद ‘बी’चाच स्वीकार केला.

३

२००३ च्या जूनमध्ये संमत झालेल्या ८०२.११ जी या मानकाने ५४ मेगाबिटांचा वेग २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणला, आणि ‘बी’ यंत्रांनाही सामावून घेतले. घरोघरी त्याचा झपाट्याने प्रसार झाला तो या दुसऱ्या गुणामुळे. तथापि या सोयीची किंमत होती. ‘जी’ची संदेश पाठविण्याची पद्धत ‘बी’ यंत्राला उकलत नाही. कोणी बोलत आहे हे न कळल्यामुळे ते मध्येच बोलू लागते, आणि दोन्ही संदेश नष्ट होतात. यावर उपाय म्हणून, जाळ्यात एखादे जरी ‘बी’ यंत्र असले तरी, ‘जी’ यंत्राने प्रत्येक संदेशापूर्वी जुन्या, मंद पद्धतीने एक लहानशी सूचना द्यावी, असा नियम करण्यात आला. मूळ संदेश वेगाने जाई. पण त्याच्या आधीच्या सूचनेतच बराच वेळ खर्ची पडे.

दुसरे कारण याहून खोल आहे. २००३ मध्येच फ्रान्समधील संशोधकांनी असे दाखवून दिले की, या जाळ्यात यंत्रांना मिळणाऱ्या पाळ्या समान असतात. पाळीत लागणारा वेळ मात्र समान नसतो. १५०० बाइटांचे एक पॅकेट १ मेगाबिटाच्या वेगाने पाठविण्यास १२ मिलिसेकंद लागतात. तेच ५४ मेगाबिटांच्या वेगाने पाव मिलिसेकंदाहून कमी वेळात जाते. दोघांना आळीपाळीने संधी मिळाली तर बहुतेक सर्व वेळ मंद यंत्रच व्यापते, आणि वेगवान यंत्राचा वेग त्याच्याच पातळीवर उतरतो. दूरच्या खोलीतील एक जुना संगणक सर्व घराला मंद करू शके, तो असा.

राउटरमध्ये ‘फक्त जी’ असा पर्याय असे; परंतु तो निवडणे म्हणजे जुन्या संगणकाला जाळ्याबाहेर घालविणे. घरात नवे यंत्र एकाचे व जुने दुसऱ्याचे असे. म्हणजे वेगाचा प्रश्न हा वस्तुतः कोणाची सोय आधी पाहावयाची, याचा प्रश्न होता.

४

८०२.११ एन या मानकाच्या बाबतीत हा प्रश्न सुरक्षिततेशी निगडित झाला. अनेक अँटेनांचा एकत्रित वापर हे ‘एन’चे वैशिष्ट्य. त्याला अंतिम संमती २००९ मध्ये मिळाली. परंतु २००७ पासूनच त्याच्या मसुद्यानुसार बनलेली यंत्रे प्रमाणित होऊन विकली जात होती.

मूळ मानकातील वेप ही कूटलेखन-पद्धती सदोष असल्याचे फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी २००१ मध्येच सिद्ध केले होते. म्हणून ‘एन’चे उच्च वेग वेपबरोबर वापरू नयेत, असा दंडक घालण्यात आला. वेप लावलेल्या जाळ्यात ‘एन’ यंत्रही ५४ मेगाबिटांवरच अडे. आता २००४ साली आलेले निन्टेन्डो डीएस हे खेळाचे यंत्र पाहावे. त्याला वेपवाचून दुसरे कुलूप ठाऊकच नव्हते. मुलाचे हे खेळणे जाळ्यात ठेवावयाचे तर सर्व घराला सदोष कुलूप लावावे लागे, आणि नव्या राउटरचा वेगही गमवावा लागे. एका जुन्या वस्तूसाठी वेग व सुरक्षितता या दोहोंचा त्याग घडे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

५

भारतातील परिस्थिती आणखी निराळी होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागे. घरच्या रेडिओसाठी पोस्टात शुल्क भरणारी पिढी हे जाणते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तो २००५ च्या जानेवारीत. त्याआधी काही महिने, २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ‘ब्रॉडबँड’ची किमान मर्यादा २५६ किलोबिट ठरविली होती. ५४ मेगाबिट ही तिच्या दोनशेपटींहून अधिक होय. अशा घरात ‘जी’ऐवजी ‘एन’ आणल्याने इंटरनेटचा वेग वाढण्याचा संभव नव्हता. लाभ झालाच तर लहरी दूरच्या खोलीपर्यंत पोचण्याचा. येथे अडसर जुन्या यंत्राचा नसून दाराशी येणाऱ्या तारेचा होता.

६

यावरून जुन्या यंत्रांना सामावून घेण्याचे धोरणच चुकले, असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. जुन्यांशी संबंध न ठेवणारे ‘ए’ घरात रुजले नाही, आणि त्यांचा भार वाहणारे ‘जी’ रुजले, ही वस्तुस्थिती त्याविरुद्ध साक्ष देते. २०१३ मध्ये संमत झालेले ८०२.११ एसी केवळ ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी होते; तेथे ‘बी’ यंत्रे नव्हतीच. पण तोवर राउटर दोन्ही पट्ट्यांत बोलू लागले होते आणि जुन्यांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवता येत होता.

२०१८ मध्ये अक्षरांऐवजी वाय-फाय ४, ५, ६ असे पिढीदर्शक क्रमांक रूढ करण्यात आले. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय झाली. परंतु एक पिढी संपून दुसरी सुरू होते, असा जो भास या क्रमांकांनी होतो तो इतिहासाला धरून नाही. घरात या पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत, आणि एकत्र नांदण्याचे नियम बहुधा सर्वांत जुन्या पिढीला समजतील अशाच भाषेत लिहावे लागले आहेत.