पडण्याची भीती (वृद्धांमधील)

वृद्ध व्यक्तीच्या मनात, विशेषतः पडून झालेली दुखापत बरी झाल्यावरही, पडण्याची जी धास्ती उरते व जिच्यापायी ती हिंडणे-फिरणे टाळू लागते, तिला ही संज्ञा लावतात. मर्फी व आयझॅक्स यांनी १९८२ मध्ये ‘पतनोत्तर लक्षणसमूह’ म्हणून तिचे वर्णन केले. १९९० मध्ये मेरी टिनेटी व सहकाऱ्यांनी अंघोळ, कपडे घालणे यांसारखी कामे न पडता करण्याचा आत्मविश्वास मोजणारी प्रश्नावली मांडली. भीतीपोटी हालचाल थांबल्याने मांडीचे स्नायू क्षीण होतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. सावित्री नदीच्या खोऱ्यातील पोलादपूर तालुक्यासारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या भागात शेवाळलेली अंगणे व निसरड्या पाखाड्या, म्हणजे उतारावरील पायऱ्यांच्या वाटा, या भीतीत भर घालतात. उपचारात भीती हसण्यावारी न नेता, प्रथम खुर्चीवरून उठणे-बसणे, मग आधार धरून तोल सांभाळणे, पुढे सोबतीने अंगणापर्यंत व नंतर देवळापर्यंत चालणे असा चढता क्रम ठेवतात. कुशीवर वळून, गुडघे टेकून जमिनीवरून उठण्याचा सरावही करून घेतात. न्हाणीत धरायला दांडी, रबरी बूड असलेली काठी, दृष्टीची व झोपेच्या औषधांची तपासणी यांची त्याला जोड लागते. घरच्यांनी काळजीपोटी व्यक्तीला बसवून ठेवल्यास भीती बळावते.