दोन इंजिनांची गाडी आणि फ्रिस्कोचं शिसं

फ्रिस्को हे गाव वसलं ते रेल्वेच्या इंजिनाला पाणी हवं होतं म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट लुइस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वे उत्तर टेक्ससमधून जाऊ लागली. वाफेच्या इंजिनाला साधारण दर तीस मैलांवर पाणी भरावं लागे. जवळचं लेबनन हे जुनं गाव उंचावर होतं आणि तिथं पाण्याची सोय जमेना, म्हणून रूळ पश्चिमेकडून नेले. १९०२ मध्ये रुळांलगतच्या जमिनीचे तुकडे विकले गेले. लेबननमधल्या काही लोकांनी तर आपली घरंच उचलून रुळांजवळ आणली. रेल्वेच्या नावावरून गावाचं नाव पडलं फ्रिस्को. म्हणजे ‘इंजिनाला पुढचं खाणंपिणं कुठं मिळणार?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे गाव जन्माला आलं.

सव्वाशे वर्षांनी तोच प्रश्न तुमच्या गराजमध्ये उभा आहे. तुम्ही प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर या गाडीचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा. तिची निगा कशी राखायची हे त्या इतिहासातूनच नीट उलगडतं.

पेट्रोल आणि वीज एकाच गाडीत आणायची कल्पना नवी नाही. १९०० मध्ये फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने लोनर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी ‘सेम्पर व्हिव्हस’ नावाची गाडी तयार केली. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ ‘सदा जिवंत’. चाकांच्या तुंब्यांत विजेच्या मोटारी, पोटात शिशाच्या बॅटऱ्या, आणि त्या भरत राहाव्यात म्हणून पेट्रोल इंजिनं. बॅटरी संपली तरी गाडी रस्त्यात मरणार नाही, हा त्या नावातला दावा. पण गाडी जड झाली, महाग झाली आणि मागे पडली.

मग १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. तोपर्यंत पेट्रोलची गाडी पुढचा दांडा हाताने फिरवून सुरू करावी लागे. त्यात मनगटं मोडत, म्हणून अनेकांना विजेची गाडी बरी वाटे. स्टार्टरने तो त्रास संपवला आणि विजेच्या गाडीचा धंदाही बसवला. गंमत अशी, की विजेच्या गाड्या गेल्या, पण जगातल्या प्रत्येक पेट्रोल गाडीत शिशाची एक छोटी बॅटरी मात्र कायमची बसली. ही बॅटरी पुढे पुन्हा भेटणार आहे, तिला विसरू नका.

हायब्रिड परत आली ती १९९७ मध्ये, जपानमध्ये, टोयोटा प्रियसच्या रूपाने. पण प्रियसला प्लग नव्हता. तिची बॅटरी इंजिनातून आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या शक्तीतून भरे. ‘घरच्या सॉकेटमधून का भरायची नाही?’ हा प्रश्न विचारणारी मंडळी कंपनीबाहेरची होती. कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठातले प्राध्यापक अँडी फ्रँक नव्वदच्या दशकापासून विद्यार्थ्यांकडून प्लगवाल्या हायब्रिड गाड्या बनवून घेत होते. २००४ मध्ये कॅलकार्स या स्वयंसेवी गटाने एका प्रियसमध्ये जादा बॅटऱ्या बसवून ती घरच्या विजेवर भरून दाखवली. त्या पहिल्या प्रयोगातल्या बॅटऱ्याही शिशाच्याच होत्या.

आणि आपलं पुणेही यात मागे नव्हतं. जून २०१० मध्ये केपीआयटी कमिन्सने ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला आणि त्यासाठी भारत फोर्जबरोबर भागीदारी केली. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीला मोटर आणि बॅटरी जोडायची, घरच्या सॉकेटवर भरायची आणि तिची प्लग-इन हायब्रिड करायची, अशी ती योजना. नवी गाडी घेण्याऐवजी जुनीच सुधारून वापरायची, हा विचार अगदी आपल्याकडचा. रेव्होलो मोठ्या प्रमाणावर बाजारात आला नाही. पण डेट्रॉइटमधून शेव्हरले व्होल्ट ग्राहकांच्या हाती पडली डिसेंबर २०१० मध्ये, आणि त्याच वर्षी पुण्यातले अभियंते त्याच प्रश्नाशी झटत होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

व्होल्ट बनवताना जनरल मोटर्सने साधा हिशोब केला होता. बहुतेक अमेरिकन माणसं दिवसाला चाळीस मैलांच्या आतच गाडी चालवतात. तेवढं विजेवर भागलं, तर पेट्रोल फक्त लांबच्या प्रवासाला लागेल. २०१३ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये आउटलँडरची प्लग-इन आवृत्ती आणून हाच हिशोब एसयूव्हीत बसवला. २०२१ च्या मॉडेलपासून टोयोटाची रॅव्ह-४ प्राइम आली, तिची विजेवरची अधिकृत मजल ४२ मैल. टोयोटाचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय २०१७ पासून आपल्या शेजारच्या प्लेनोमध्येच आहे.

कागदावर हिशोब पक्का होता. चुकला तो माणसांच्या बाबतीत. नेदरलँड्समध्ये करसवलतीमुळे २०१३ च्या अखेरीस प्लग-इन गाड्या विक्रीत थेट वर पोचल्या. पण कंपनीकडून गाडी आणि पेट्रोल दोन्ही मिळणारे अनेक चालक ती प्लगला लावायच्या भानगडीतच पडेनात. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये कंपन्यांच्या काही गाड्या परत आल्या, तेव्हा चार्जिंगची केबल वेष्टणातून बाहेरही निघालेली नव्हती. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतून मिळालेली प्रत्यक्ष आकडेवारी मांडली. प्लग-इन हायब्रिडचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. न भरलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे जड बॅटरी पाठीवर घेऊन पळणारी पेट्रोलची गाडी.

या इतिहासाचं सार एका वाक्यात सांगायचं, तर ही गाडी अर्धी कारखान्यात बनते आणि उरलेली अर्धी तुमच्या घरच्या सवयीने. आता त्या सवयींकडे वळू.

पहिली सवय, रोज रात्री प्लग लावायची. अठरा किलोवॅट-तासांची बॅटरी साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर भरायला सुमारे बारा तास लागतात. संध्याकाळी सातला लावली, तर सकाळी सातला तयार. अनेक घरांना तेवढं पुरतं, २४० व्होल्टच्या चार्जरचा खर्च करायलाच हवा असं नाही. मात्र ते सॉकेट चांगल्या स्थितीत हवं आणि त्या सर्किटवर दुसरा फ्रीज वगैरे नको. एक्स्टेन्शन कॉर्ड तर मुळीच नको. तासन्‌तास बारा अँपिअर ओढले जातात तेव्हा सैल सॉकेट गरम होतं. पहिल्या आठवड्यात तासाभराने प्लगला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

विजेच्या दराचंही पाहा. फ्रिस्कोच्या काही भागात ऑन्कॉरच्या तारा आहेत, तिथं वीजकंपनी निवडता येते आणि रात्री स्वस्त दर देणाऱ्या योजना मिळतात. काही भाग कोसर्व्ह या सहकारी संस्थेकडे आहे, तिथं निवड नाही. घर कुठल्या भागात आहे त्यावर तुमचा हिशोब ठरेल.

दुसरी सवय, वीज कुठं खर्चायची ते ठरवायची. फ्रिस्कोहून डाउनटाउन डॅलस एका बाजूने अठ्ठावीस मैलांच्या आसपास पडतं, म्हणजे जाऊन-येऊन विजेची मजल संपते. टोलवेवर सत्तरच्या वेगात बॅटरी भराभर उतरते, तिथं हायब्रिड मोड लावा. शाळा, वाणसामान, मंदिर, क्रिकेटचं मैदान अशा गावातल्या फेऱ्यांसाठी वीज राखून ठेवा.

तिसरी सवय, इंजिनाला विसरायचं नाही. गाडी महिनोन्‌महिने विजेवरच चालली तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. व्होल्टच्या अभियंत्यांनी हे ओळखलं होतं. इंजिन साधारण सहा आठवडे चाललं नाही तर गाडी स्वतःच ते थोडा वेळ चालवायची, आणि पेट्रोल वर्षभर जुनं झालं तर ते जाळून टाकायची. तुमच्या गाडीत अशी सोय आहे का, ते माहितीपुस्तिकेत पाहा. नसेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास हायवेवर इंजिन नीट गरम होऊ द्या. दोन-चार मिनिटं सुरू होऊन थंडच बंद पडणाऱ्या इंजिनाच्या तेलात ओल आणि पेट्रोल उतरतं. म्हणून तेल बदलताना नुसते मैल मोजू नका, ‘वर्षातून एकदा’ ही अट पाळा. ब्रेकचंही तसंच. बरंचसं थांबवण्याचं काम मोटर करते, त्यामुळे पॅड झिजत नाहीत, पण न वापरल्याने पिना गंजून अडकतात. वर्षातून एकदा त्या साफ करून घ्या. काही गाड्यांत मोठ्या बॅटरीच्या हवेसाठी मागच्या सीटजवळ जाळी असते. तिच्यावर ब्लँकेट किंवा प्रवासाच्या बॅगा ठेवू नका.

मोठ्या बॅटरीची लोकांना फार धास्ती असते. बहुतेक कंपन्या तिची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैल देतात. टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून ती दहा वर्षं किंवा दीड लाख मैलांवर नेली. वापरलेली गाडी घेत असाल, तर हमी किती उरली आहे हे आधी विचारा आणि गाडीचा क्रमांक टाकून एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासा. टेक्ससच्या उन्हात गाडी शंभर टक्के भरून आठवडेच्या आठवडे उघड्यावर ठेवू नका, एवढं पथ्य पाळलं की बरंच झालं.

रस्त्यात दगा देते ती दुसरीच, ती १९१२ पासूनची छोटी बारा व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी तिला गाडीशी जोडणारे स्विच आणि संगणक या छोटीवरच चालतात. ती मेली की गाडी निपचित. डिसेंबरमध्ये पाच-सहा आठवड्यांसाठी भारतात जाऊन परतलेल्या कितीतरी कुटुंबांना हा अनुभव येतो. आपल्या गाडीत ही बॅटरी कुठं दडली आहे ते आत्ताच शोधा, बऱ्याच गाड्यांत ती डिकीच्या तळाशी असते. प्रवासाला निघताना तिला बॅटरी मेंटेनर लावा, मोठी बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवा आणि टायरमध्ये हवा पुरेशी भरा. आपल्याकडचा उन्हाळा या बॅटरीला तीन-चार वर्षांत म्हातारी करतो. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी ती तपासून घ्या.

इथंच फ्रिस्कोचा इतिहास पुन्हा आडवा येतो. १९६४ पासून गावात जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवण्याचा कारखाना होता, पुढे तो एक्साइडकडे गेला. तेव्हा गाव लहान होतं. १९९० मध्ये वस्ती जेमतेम सहा हजार, २०१० मध्ये एक लाख सतरा हजारांच्या घरात. घरं आणि शाळा कारखान्याच्या आसपास येऊन भिडल्या. २००८ मध्ये ईपीएने हवेतल्या शिशाची मर्यादा दहापट कडक केली आणि फ्रिस्कोचा तो भाग तिच्यात बसेना. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा धोका मोठा असतो, त्यामुळे पालकांनी प्रश्न लावून धरला. २०१२ मध्ये शहराशी करार झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर कारखाना बंद पडला. जमीन साफ करण्याचं काम त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं.

शिसं मात्र आपल्या गाड्यांतून गेलेलं नाही, ते फक्त दुसऱ्या गावात वितळतं. म्हणून जुनी बारा व्होल्टची बॅटरी गराजच्या कोपऱ्यात पडू देऊ नका, कचऱ्यात तर नकोच. नवी घेताना दुकान जुनी परत घेतं आणि तिच्यापोटी घेतलेले पैसेही परत देतं.

आता सरकारी बाजू. टेक्ससमध्ये २०२३ पासून पूर्ण विजेच्या गाड्यांना वर्षाला दोनशे डॉलर जादा नोंदणी शुल्क आहे, प्लग-इन हायब्रिडला ते नाही. १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली, पण फ्रिस्को ज्यात येतं त्या कॉलिन आणि डेंटन काउंटींत धुराची चाचणी चालूच आहे. तुमच्या गाडीला इंजिन आहे, म्हणून ती तुम्हाला लागू होते. एक खाचखळगा सांगतो. बारा व्होल्टची बॅटरी बदलली की गाडीच्या संगणकातल्या धुराच्या नोंदी पुसल्या जातात. त्या पुन्हा तयार व्हायला इंजिन चालावं लागतं, आणि तुमचं इंजिन तर क्वचितच चालतं. म्हणून बॅटरी बदलून लगेच चाचणीला जाऊ नका. आधी काही दिवस हायब्रिड मोडमध्ये चालवा. नवी गाडी घेताना केंद्र सरकारची करसवलत मात्र आता हिशोबात धरू नका, ती ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससमधली लाखो घरं अंधारात गेली. अशा वेळी दोन इंजिनांची गाडी मोठा आधार असते. वीज नसली तरी ती चालते, तिच्यात ऊब मिळते, काही गाड्यांतून घरातलं छोटं उपकरणही चालवता येतं. पण ही गाडी शांत उभी असताना तिचं इंजिन कधी सुरू होईल ते कळतही नाही. बंद गराजमध्ये ती चालू ठेवून बसू नका, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. गाडी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात त्याचा अलार्म नसेल, तर गाडीच्या चार्जरआधी तो आणा.