‘बोली’ या शब्दाचे दोन अर्थ आणि पुण्याची पलटण

कसबा पेठ ही पुण्यातील सर्वांत जुनी वस्ती होय. तिच्या लगत, पश्चिमेस, शनिवारवाडा उभा आहे. पुण्याच्या पेठांतून, आणि अर्थातच कसब्यातही, २०२४ च्या पावसाळ्यापासून जो वाद रंगला तो वरवर पाहता केवळ कबड्डीचा होता. व्यावसायिक कबड्डी स्पर्धेतील ‘पुणेरी पलटण’ या संघाने ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूस २ कोटी ३५ लाख रुपयांची बोली लावून घेतले होते. प्रत्येक संघास खेळाडूंवर ५ कोटी रुपयांपर्यंतच खर्च करण्याची मुभा असता, एकाच गड्यावर जवळजवळ निम्मी रक्कम खर्ची पडली. हा गडी चढाईचा नव्हे, मुख्यतः पकडीचा; त्या हंगामात पकडींच्या गुणांत तो सर्वांच्या पुढे राहिला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे पुण्याने हरियाणा संघास २८–२५ असे नमवून आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. पुढे ऑगस्टमध्ये पुण्याने त्यास आपल्याकडे ठेवले नाही, आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांस त्याला उचलले.

एका पक्षाचे म्हणणे असे की, परका माणूस तो. पैशासाठी आला, पैशासाठी गेला. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, येथेच वाढलेला, म्हणून निष्ठा त्याची. दुसरा पक्ष विचारी की, ज्याने मोलाइतके काम करून दाखविले त्याच्याकडून आणखी कोणती निष्ठा हवी? पहिल्या पक्षाच्या तोंडी हटकून येणारा शब्द ‘भाडोत्री’ हा होय. संघ जिंकत असता हा शब्द क्वचितच ऐकू येतो, ही गोष्ट मात्र नोंदण्याजोगी आहे.

वादाची ही भाषा नवी नाही. खुद्द ‘पलटण’ हा शब्दच पगारी शिपायांबरोबर मराठीत आला. तो ‘बटालियन’पासून निघाला की ‘प्लाटून’पासून, याविषयी एकमत नाही, परंतु त्याचे मूळ युरोपीय आहे यात शंका नाही. त्याचाच सोबती ‘गारदी’, म्हणजे ‘गार्ड’. अठराव्या शतकाच्या मध्यास कवायती पायदळ व तोफखाना यांचे महत्त्व पेशव्यांस पटले, आणि फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून मराठ्यांकडे आला. १७६० च्या आरंभी उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी आपले मोल सिद्ध केले. तथापि त्याच्या पलटणींस रोख पगार दरमहा मिळावा हा त्याचा हट्ट होता. वतन आणि सरंजाम यांवर पोसलेल्या जुन्या सरदारांस हा हट्ट आणि हा खर्च रुचणे शक्यच नव्हते.

पानिपतच्या लढाईचा वृत्तांत शुजाउद्दौल्याच्या छावणीत असलेल्या काशिराज पंडिताने पुढे फारसीत लिहिला. त्यात १४ जानेवारी १७६१ च्या सकाळचा एक प्रसंग आहे. लढाईस तोंड लागण्यापूर्वी इब्राहिमखान सदाशिवरावभाऊंकडे आला. पगाराच्या तगाद्यामुळे आपण माझ्यावर रुष्ट होता. या महिन्याचा पगार तर मिळालाच नाही. पण आजवर तो फुकट खाल्ला नाही हे आज दाखवितो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्या दिवशी त्याच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या. तो स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला. काशिराज शत्रुपक्षाकडचा, खानाची भलावण करण्यात त्याचा काही लाभ नव्हता.

त्यानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारदीच शनिवारवाड्यात घुसले. थकलेल्या पगाराची ओरड हे निमित्त. आमिष मात्र दुसऱ्या पक्षाचे होते. सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार यांनी नारायणराव पेशव्यांस ठार केले. (‘ध’चा ‘मा’ ही दंतकथा सर्वश्रुत आहे, तिच्या खरेखोटेपणात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही.) लोकस्मृतीत ‘गारदी’ या शब्दाला जो काळिमा लागला तो या दिवसाचा. पानिपतावर पगाराविना पडलेले गारदीही त्याच नावाने ओळखले जात, याची आठवण शब्दाने ठेवली नाही.

येथे ‘बोली’ या शब्दाकडे वळणे भाग आहे. जुन्या मराठीत बोली म्हणजे ठराव, उभयपक्षी दिलेले वचन. ‘बोलीप्रमाणे’ या प्रयोगात तो अर्थ आजही टिकून आहे. इब्राहिमखानाची बोली ही या अर्थाची होती: महिन्याच्या महिन्याला रोख पैसा आणि त्याबद्दल रणात उभे राहणे. एका बाजूने ती मोडली गेली असताही दुसऱ्या बाजूने ती पाळली. लिलावातील बोली निराळी. ती केवळ घेणाऱ्याने उच्चारावयाची. विकला जाणारा तेथे काही बोलत नाही. मध्यंतरी, कबड्डीपटूंना रेल्वे, बँका व कारखाने यांत नोकऱ्या मिळू लागल्या तेव्हा जुन्या अर्थाची बोली काही काळ परत आली होती: खेळ संपला तरी निवृत्तीपर्यंत पगार चालू राही. लिलावाने तो काळ मागे टाकला. शब्द मात्र तोच राहिल्याने, रकमेची बोली ऐकणारा प्रेक्षक नकळत वचनाची बोली ऐकतो आणि वचनभंगाचा दोष खेळाडूवर ठेवतो. शादलुईने एका हंगामाचे काम चोख केले होते. त्यापलीकडचे वचन त्याच्याकडून कोणी घेतले नव्हते, आणि त्यालाही कोणी दिले नव्हते.

२९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडी येथे झाला. गतविजेते पुणे बाद फेरीसही पात्र ठरले नव्हते. हरियाणाने पाटण्यास ३२–२३ असे हरवून प्रथमच अजिंक्यपद मिळविले. शादलुई हरियाणाकडून खेळत होता. २०२५ च्या लिलावात गुजरातने त्यास २ कोटी २३ लाखांस घेतले. या साऱ्याविषयी पेठेत बोलताना ‘शादलुई गेला’ असेच म्हणतात. ‘शादलुईला सोडले’ हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या तितकाच सुलभ आहे, आणि त्यात कर्ता संघ आहे. परंतु तो फारसा कानी पडत नाही.