मांजरीची सात घरे आणि माहुलीवरचा बालराजा

१/ मांजर पिलांना सात घरे दाखवते, असे म्हणतात. सातचा आकडा लोकांचा. स्थलांतर मात्र खरे. बोक्याची किंवा कुत्र्याची चाहूल लागली, की ती एकेक पिलू मानेला धरून नव्या आडोशाला नेते. मानेला पकड बसताच पिलू अंग सैल सोडते.

२/ निजामशाहीच्या अखेरच्या वारसाची अशीच ने-आण झाली. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले, सुलतान कैद झाला. तेव्हा मुरबाडहून नाणेघाट चढताच लागणाऱ्या जीवधन किल्ल्यावरून मुर्तझा या राजवंशातील बालकाला शहाजीराजांनी बाहेर काढले आणि संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याच्या नावाने राज्य उभे केले.

३/ कारभार शहाजीराजांचा, पण त्याचा आधार ते मूल. मूल हाती आहे तोवर निजामशाही जिवंत. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाह यांचा तह झाला आणि दोघांच्याही फौजा शहाजीराजांवर चालून आल्या. ते मुलासह शहापूरजवळच्या माहुलीवर गेले. खानजमान व रणदुल्लाखान यांनी गडाला वेढा घातला.

४/ पुढचे घर उरले नव्हते. मुर्तझाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले, निजामशाही संपली.

५/ मांजरीची धडपड मुदतीची असते. दोनेक महिन्यांत ती दूध तोडते, शिकार शिकवते. मग पिलू आपले आपण जगते. मुर्तझा तीन वर्षे जपला गेला; पण ज्याच्या नावाने राज्य चालले, तो राज्य करण्याच्या वयाला पोचण्याआधीच घरे संपली.