दोन चौरस किलोमीटरांची शर्यत

वर्गात युरोपचा नकाशा टांगला, की मोनाको दाखवताना माझी पंचाईत होते. छडीचे टोक टेकवावे तर सारे राज्यच त्याखाली झाकून जाते! एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, एवढ्याशा राज्यात मोटारींची शर्यत होते म्हणतात, मग त्या पळतात कुठे?"

नेमका हाच प्रश्न अंतोनी नोघेस यांच्यापुढे उभा राहिला होता. मोनाकोच्या मोटार-क्लबने आंतरराष्ट्रीय मंडळाकडे राष्ट्रीय दर्जा मागितला. तो नाकारला गेला; कारण क्लबची माँटे कार्लो रॅली परमुलखातल्या रस्त्यांवरून येई, स्वतःच्या हद्दीत शर्यत अशी नव्हतीच. हे बोलणे नोघेसना लागले. पण राज्यात मोकळे मैदान आणायचे कोठून? त्यांनी गावातलेच रस्ते निवडले. बंदरापासून चढ चढून कॅसिनोपर्यंत जायचे, वळणे घेत उतरायचे, बोगद्यातून निघून पुन्हा धक्क्यावर यायचे!

१४ एप्रिल १९२९ रोजी सोळा मोटारी सुटल्या. शंभर फेरे होते. काराचिओलाची धिप्पाड मर्सिडीज आणि विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सची छोटी हिरवी बुगाटी यांची झुंज रंगली. अखेर जवळजवळ चार तासांनी बुगाटी जिंकली. सरासरी वेग होता ताशी ८० किलोमीटर. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण वाचकहो, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि क्षणाक्षणाला गिअर बदलणारा हात, असे चार तास डोळ्यांपुढे आणा!

इथे चुकीला माफी नाही. १९५५ साली अस्कारी मोटारीसकट बंदरात कोसळला आणि पोहून वर आला. दैव असे, की चारच दिवसांनी मोंझा येथे गाडी चालवताना तो गेला. १९६७ साली बांदिनीला याच रस्त्यावर प्राणांतिक अपघात झाला. अशा वाटेवर नुसते बळ कामाला येत नाही. १९६१ साली स्टर्लिंग मॉसने कमी ताकदीच्या लोटसमधून शंभर फेऱ्यांच्या शर्यतीत बलाढ्य फेरारींना मागे टाकले. अंतर अवघ्या साडेतीन-पावणेचार सेकंदांचे!

लोकांना दिसतो तो बंदरातल्या नौकांचा आणि राजघराण्याच्या उपस्थितीचा झगमगाट. मला मात्र तो पहिला विजेता आठवतो. दुसऱ्या महायुद्धात ग्रोव्हर-विल्यम्स ब्रिटिशांचा गुप्त हस्तक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये काम करीत होता. १९४३ साली तो पकडला गेला आणि पुढे झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत त्याला ठार करण्यात आले. पहिल्या वळणापाशी आज बुगाटीत बसलेला त्याचा पुतळा आहे.

२०२४ साली मोनाकोचाच सुपुत्र शार्ल लक्लेर ही शर्यत जिंकला, तेव्हा त्या पुतळ्यावरूनच गेला. हल्ली मी मोनाको छडीने दाखवीत नाही. मुलांना नकाशाजवळ बोलावतो आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवतो.